ध्वनिमुद्रणाचे पदव्युत्तर शिक्षण

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो, क्वचित छायाचित्रणाविषयीही बोलतो. ध्वनीविषयी तो बोलतो ते ध्वनी बिघडला असेल तेव्हाच. ग्रामसभेतही हाच अनुभव येतो. कर्णा शिट्टी मारू लागला की सर्वांच्या माना माईकवाल्याकडे वळतात. सभा सुरळीत पार पडली तर त्याचे नावही कोणी घेत नाही. ज्या कामाचे यश कोणाच्या लक्षात न येण्यातच आहे, त्या कामाचे शास्त्र असते, त्याचे पदवीनंतर रीतसर शिक्षण मिळते आणि तेही शासकीय संस्थांमध्ये मिळते, ही माहिती गावोगावच्या शाळांपर्यंत अद्याप पुरेशी पोचलेली नाही.

ती न पोचल्यामुळे होणारे नुकसान लवकर कळून येत नाही. पुण्याची भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आणि कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था या दोन्ही संस्थांच्या ध्वनिविषयक अभ्यासक्रमासाठी पदवी कोणत्याही शाखेची चालते. परंतु बारावीला भौतिकशास्त्र हा विषय घेतलेला असावा लागतो. दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेकडे गेलेला, गाण्याचा उत्तम कान असलेला मुलगा किंवा मुलगी पदवी हाती आल्यावर या अभ्यासक्रमाची चौकशी करू लागते, तेव्हा ही अट आडवी येते. दार पाच वर्षांपूर्वीच बंद झालेले असते आणि ते बंद होताना कोणी सांगितलेले नसते. याउलट बारावीला विज्ञान घेऊन पुढे संगीत, भाषा किंवा इतिहास या विषयाची पदवी घेणाऱ्यास ही वाट खुली राहते. शाळेत विषयनिवडीचा सल्ला देणाऱ्या शिक्षकांनी एवढी एक बाब ध्यानात ठेवली तरी पुष्कळ होईल.

प्रभातच्या आवारात

पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर ज्या आवारात ही संस्था आहे, ते मूळचे प्रभात फिल्म कंपनीचे आवार होय. कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तत्पूर्वी १९३२ मध्ये तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट काढला होता. हिंदीतील ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला तो १४ मार्च १९३१ रोजी. म्हणजे बोलपटाचे तंत्र या देशास जेमतेम वर्षभराचे परिचित होते. प्रभातचे एक संस्थापक विष्णुपंत दामले हे मूळचे चित्रकार व नेपथ्यकार. ध्वनिमुद्रणाचा शिक्षक मिळण्याची सोय नसल्याने त्यांनी यंत्राशी झटून ही विद्या हस्तगत केली. पुढे त्यांनी व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

प्रभातचा कारभार थांबल्यावर १९६० मध्ये केंद्र शासनाच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याच जागी चित्रपट संस्था उभी केली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण दिल्लीहून तेथेच आणण्यात आले. दामल्यांना जे चाचपडत शिकावे लागले ते आता तेथे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकविले जाते. दूरचित्रवाणी विभागात एक वर्षाचा आटोपशीर अभ्यासक्रमही चालत आला आहे. कोलकात्याची संस्था १९९५ मध्ये सुरू झाली. तेथील अभ्यासक्रमही तीन वर्षांचा आहे. दोन्ही ठिकाणी ध्वनी विभागात दरवर्षी घेतले जाणारे विद्यार्थी फार थोडे असतात. लेखी परीक्षा व त्यानंतर मुलाखत अशा रीतीने निवड होते, आणि शासकीय नियमांप्रमाणे जागा राखीव असतात. या केंद्रीय संस्था असल्याने पणजी, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील विद्यार्थ्यास त्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याइतक्याच खुल्या आहेत. अधिवासाचा दाखला आड येत नाही. शुल्क, वयाची अट आणि परीक्षेचे स्वरूप वर्षागणिक बदलू शकते. त्यासाठी संस्थेचे त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. कोणा मध्यस्थाचे सांगणे पुरेसे धरू नये.

सभागृह का घुमते?

हा अभ्यासक्रम म्हणजे यंत्राची बटणे फिरविण्याचे शिक्षण, असा एक समज आहे. वस्तुतः आरंभीचा बराच काळ ध्वनीचे भौतिकशास्त्र, विद्युत्‌शास्त्राची मूलतत्त्वे आणि मानवी श्रवणाचे स्वरूप यांवर खर्च होतो. त्याची आवश्यकता गावातल्याच एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

नवीन बांधलेले ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे सभागृह रिकामे असताना भयंकर घुमते. पाहणीस आलेले अधिकारी दोन शब्द बोलतात आणि आवाज भिंतीभिंतींतून फिरत राहतो. मग कोणी अधिक शक्तीचा ध्वनिवर्धक घेण्याची सूचना करतो, आणि तो आणल्यावर बोलणे पूर्वीपेक्षाही कमी समजू लागते.

याचे गणित अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सबिन यांनी १८९५ च्या सुमारास मांडले. विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते. सबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या खोलीत मांडल्या आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो हे मोजले. सकाळी गाद्या परत जागेवर ठेवाव्या लागत. या खटाटोपातून निघालेले सूत्र साधे आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आवाज जवळजवळ संपूर्ण विरण्यास लागणारे सेकंद.

समजा, सभागृह १० मीटर लांब, ८ मीटर रुंद व ४ मीटर उंच आहे. घनफळ ३२० घनमीटर झाले आणि भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठभाग ३०४ चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा व फरशी आवाजाचा सुमारे ५० वा भागच शोषतात, म्हणजे एकूण शोषण सहा एककांच्या आसपास. भागाकार केल्यास आवाज विरण्यास आठ सेकंदांहून अधिक काळ लागतो. चार चौरस मीटरच्या खिडक्या उघडल्या की शोषण दहा एकके होते, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. काळ पाच सेकंदांवर येतो. आता १०० माणसे येऊन बसली. माणसाचे अंग व कपडे आवाज चांगला शोषतात, प्रत्येकी ०.४ एकक धरले तरी ४० एककांची भर पडते. काळ एका सेकंदावर उतरतो आणि बोलणे स्वच्छ कळू लागते.

यावरून तीन-चार गोष्टी एकदम उलगडतात. रिकाम्या सभागृहात घेतलेली ध्वनिवर्धकाची चाचणी फसवी का ठरते, ते कळते. भरलेल्या सभेत काम भागते, परंतु वीस मुलांच्या वर्गाला तीच खोली का त्रासदायक होते, तेही कळते. मागच्या भिंतीला जाड पडदा, सतरंज्या किंवा छताखाली सच्छिद्र फळ्या लावण्याचा खर्च मोठ्या यंत्राच्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी का पडतो, हे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यास पटू शकते. शाळेच्या इमारती बांधताना हे गणित क्वचितच मांडले जाते, आणि शेवटच्या बाकावरील मुलांचे कान त्याची किंमत मोजतात.

जत्रेच्या मैदानावरील घोटाळाही याच जातीचा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. वीज मात्र तारेतून तत्क्षणी पोचते. व्यासपीठाजवळचा कर्णा व १०० मीटरवरचा कर्णा एकाच क्षणी बोलतात, परंतु दूरच्या कर्ण्याजवळ उभ्या असलेल्या माणसास प्रथम जवळचा आवाज ऐकू येतो आणि पाव सेकंदाहून थोड्या अधिक अवधीने व्यासपीठाकडील तोच शब्द पुन्हा येऊन आदळतो. कीर्तनाचा शब्द शब्दावर चढतो. दूरच्या कर्ण्याकडे जाणारा आवाज तेवढाच काळ मागे रोखून सोडला की गोंधळ मिटतो. अशी विलंबाची सोय आजच्या साध्या यंत्रांतही असते. यंत्र भाड्याने देणाऱ्यास ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

चित्रीकरणस्थळापासून मिश्रणापर्यंत

पायाभूत अभ्यासानंतर विद्यार्थी प्रत्यक्ष कामास लागतात. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन व ध्वनी या शाखांचे विद्यार्थी मिळून लघुपट तयार करतात आणि अखेरच्या वर्षी पदविकेचा चित्रपट करतात. ध्वनीच्या विद्यार्थ्याचे काम चित्रीकरणाआधीच सुरू होते. जागा पाहावयास गेल्यावर छायाचित्रकार प्रकाश पाहतो. ध्वनिमुद्रक डोळे मिटून उभा राहतो. जवळ पिठाची गिरणी आहे काय, पंप कोणत्या वेळी चालतो, एस.टी. किती वाजता घाटाला लागते, याची तो नोंद करतो.

एके काळी चित्रीकरणाच्या वेळीच गाणे-बोलणे मुद्रित होत असे. १९३५ पासून पार्श्वगायन रूढ झाले, आणि पुढे कॅमेऱ्यांच्या घरघरीमुळे व चित्रीकरणस्थळावरील गलबल्यामुळे संवादही मागाहून स्टुडिओत म्हणवून घेण्याची, म्हणजे डबिंगची प्रथा पडली. तिचे फायदे होते, तोटेही होते. चार महिन्यांनंतर थंड खोलीत उभ्या राहिलेल्या नटास शेतातल्या उन्हातला श्वास पुन्हा आणता येतोच असे नाही. २००१ च्या ‘लगान’ने कच्छमधील मोकळ्या माळावर चित्रीकरणाबरोबरच ध्वनी मुद्रित केला, आणि त्याच्या ध्वनीसाठी नकुल कामटे व एच. श्रीधर यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर ही पद्धत पुष्कळ चित्रपटांनी उचलली. बोलीभाषेतील चित्रपटांना तर ती वरदानच ठरली आहे. मालवणी, वऱ्हाडी किंवा बेळगावकडील बोलीचा हेल स्टुडिओत घोटून आणता येत नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडूनच, त्याच्याच अंगणात टिपावा लागतो.

प्रत्येक ठिकाणी संवाद झाल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून अर्धा-एक मिनिट नुसती शांतता मुद्रित केली जाते. नवख्या माणसास यात वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु कोणत्याही दोन खोल्यांची शांतता सारखी नसते. संवादाचे तुकडे जोडताना मध्ये जी भोके पडतात ती त्याच खोलीच्या शांततेने बुजवावी लागतात. अन्यथा आवाज मधूनच तुटल्यासारखा वाटतो.

पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज पुष्कळदा मागाहून पडद्याकडे पाहत पाहत निर्माण करतात. या कामास युनिव्हर्सल स्टुडिओतील जॅक फोली यांच्या नावावरून फोली असे म्हणतात. करवंट्यांनी घोड्याच्या टापा काढण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. खरी कसब पावलांत लागते. थकलेल्या बाईची कोल्हापुरी चप्पल आणि तरण्या शिपायाचा बूट यांतले अंतर केवळ पादत्राणाचे नसते.

शेवटी संवाद, संगीत व इतर ध्वनी यांचे मिश्रण होते. मुंबईच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी या कामात जो दर्जा निर्माण केला, त्यामुळे देशभरचे चित्रपट त्यांच्याकडे येत असत. मिश्रणात संवाद वगळून संगीत व इतर ध्वनी यांचा स्वतंत्र पट्टा राखून ठेवतात. चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यावयाचा झाल्यास फक्त संवाद बदलावे लागतात, बैलांच्या घंटा त्याच राहतात.

पुण्याच्या या संस्थेतून १९९५ मध्ये बाहेर पडलेले रसूल पुकुट्टी हे केरळातील कोल्लम जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी त्यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पुरस्कार मिळाला. अशी उदाहरणे विरळा असतात, हे सांगणेही आवश्यक आहे.

खर्च आणि मिळकत

चित्रपटात कायमची नोकरी क्वचितच मिळते. काम चित्रपटापुरते किंवा दिवसाच्या बोलीवर ठरते. आरंभीची काही वर्षे साहाय्यक म्हणून काढावी लागतात आणि दोन कामांमध्ये रिकामे महिनेही जातात. पालकांनी हे आधीच समजून घेतलेले बरे. तथापि ध्वनीचे काम चित्रपटापुरते मर्यादित नाही. नाट्यगृहे व सभागृहे यांची ध्वनिरचना, कारखान्यांतील गोंगाटाचे मापन, नभोवाणी, शैक्षणिक कार्यक्रम, ध्वनिपुस्तके अशी कामे आहेत. सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्यास शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून परवानगी मिळू लागली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. ज्यांचा ओढा गणिताकडे आहे अशा अभियांत्रिकी पदवीधरांना भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये ध्वनी व वाणी यांच्या संगणकीय विश्लेषणावर पदव्युत्तर संशोधन करता येते. २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमामुळे भारतीय भाषांतील बोलण्याच्या स्वच्छ मुद्रणांची गरज वाढली आहे.

शासकीय संस्थांत जागा थोड्या असल्याने अनेक विद्यार्थी खाजगी संस्थांकडे वळतात. त्यांपैकी काही मनापासून शिकवितात. काहींच्या जाहिरातीत मात्र स्टुडिओची छायाचित्रे मोठी आणि प्रमाणपत्राविषयीचा मजकूर बारीक असतो. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा मान्यता पावलेल्या विद्यापीठासच आहे. म्हणून ‘पदव्युत्तर पदवी’ असे शब्द दिसल्यास ती कोणत्या विद्यापीठाची, हे लेखी विचारावे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहावे. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो. जमीन गहाण टाकून शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गाठणे हा जुना उपाय आजही उत्तम होय.

भांडवल म्हणून लागतात ते कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होत असल्याने सुरक्षित काळ निम्मा होत जातो; १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचणारा मुलगा, त्याला न कळत, या व्यवसायाचे साधन झिजवीत असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. ती केवळ पोलिसांच्या कामाची बाब नव्हे.

घरातल्या ध्वनिफिती

या शिक्षणाचा एक उपयोग मराठी भाषकांच्या जुन्या वस्त्यांना विशेष आहे. पणजीच्या पोर्तुगीज काळातील एमिसोरा द गोवा आणि हैदराबादचे डेक्कन रेडिओ यांच्या काळापासून या प्रदेशांत मुद्रण-प्रसारणाची परंपरा आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे मुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. तेवढे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. गावच्या भजनी मंडळाची, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीची, दशावताराच्या रात्रीची मुद्रणे घराघरांत कॅसेटवर पडून आहेत. हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इंदूर, बडोदे, बेळगावकडील घरांत त्याच प्रकारचे जे आहे ते बहुतांशी कोणी मोजलेले नाही.

फीत ओलाव्याने बुरसते, चिकटते आणि तिच्यावरील चुंबकीय थर सुटू लागतो. शिवाय ती वाजविणारी यंत्रे व त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर वर्षागणिक कमी होत आहेत. मुद्रण संगणकात उतरविताना सेकंदाला निदान ४८,००० नमुने व २४ बिट ही मात्रा ठेवावी. तासाभराच्या कॅसेटला या हिशेबाने सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. आवाज ‘सुधारण्याचा’ मोह टाळून प्रथम आहे तसाच उतरवून घ्यावा व त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. गाणाऱ्याचे नाव, गाव व अंदाजे साल आधी कागदावर लिहावे, कारण ते सांगू शकणारी माणसे फितीपेक्षाही आधी जातात. बुरशी आलेली किंवा चिकटलेली फीत घरी वाजवून पाहू नये; ती जाणकाराकडेच द्यावी. आणि चांगल्या स्थितीतील कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या पाठीवरील दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे लहान तुकडे मोडलेले आहेत की नाहीत ते पाहावे. मोडलेले नसतील तर टाचणीने मोडून टाकावेत, म्हणजे चुकीचे बटण दाबले गेले तरी जुने मुद्रण पुसले जात नाही.